जळालेल्या एसएमपीएसचा पंखा कॅबिनेटला लावला: काही महिन्यांच्या वापरानंतर

संगणकाच्या कॅबिनेटचा पुढचा पंखा बंद पडला. सर्व्हिसवाल्याने फोनवर थंडपणे सांगितलं, "पंखा सुटा येत नाही साहेब, पुढचं पूर्ण पॅनेल बदलावं लागेल." पॅनेल ठणठणीत, यूएसबी चालू, दिवा लागतोय, बंद पडलाय तो एक १२० मिमीचा पंखा. त्यासाठी आख्खं थोबाड बदलायचं! त्याच तिरीमिरीत अडगळीतला जळका एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, काढला. त्यातला पंखाही १२० मिमीचा, १२ व्होल्टचा, स्टिकरवर ०.२५ अँपिअर. अजून काय पाहिजे?

एसएमपीएस उघडणार असाल तर जपून. वायर काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. माझा बराच काळ पडून होता, तरी बोर्डाला बोट न लावता पंख्याच्या दोन वायरी तेवढ्या कापून घेतल्या.

सुरुवातीला थेट मोलेक्सवर, म्हणजे चालू एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या वीज कनेक्टरवर जोडला, पिवळी १२ व्होल्टची आणि शेजारची काळी. बसवताना बाजू बघा: स्टिकर आणि आडव्या दांड्या ज्या बाजूला, तिकडून हवा बाहेर पडते. मागची हार्ड डिस्क पंखा बंद असताना ५३ अंशांवर जायची, ती ४० वर आली. गारव्याबद्दल तक्रार नाही, आजही नाही.

तक्रार आवाजाची. नुसती हवेची घरघर चालली असती, पण हा एकच सूर धरून बसायचा, ऊंऽऽऽ असा, आणि रात्री तर दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. सगळे म्हणाले बेअरिंग गेलंय. पंखा सोडवून चालू ठेवून हातात धरला तर सूर गायब! हळूहळू पुढच्या जाळीजवळ नेला, अगदी थोडं अंतर राहिलं आणि पुन्हा गायला लागला. म्हणजे दोष त्या भोकं पाडलेल्या पत्र्याचा. भोकांतून ओढलेली हवा विस्कटते, भोवरे होतात आणि पाती लगेच मागे असल्यामुळे प्रत्येक फेरीत त्या भोवऱ्यांवर आपटतात. पंखा कितीही महागाचा आणा, पत्र्याला चिकटवून बसवलात तर तो कुरकुरणारच. कॅबिनेट बनवणाऱ्यांना एवढं कळत नसेल असं मला वाटत नाही. जाळी दिसायला बरी दिसते, बस्स.

उपाय फुकटात झाला. बंद पडलेल्या जुन्या पंख्याच्या दांड्या कापून मोटर आणि पाती काढून टाकली. उरली रिकामी चौकट, २५ मिमी जाडीची. ती जाळी आणि पंख्याच्या मध्ये घातली, सांध्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, एवढे लांब स्क्रू नव्हते म्हणून झिप टाय. खालचा डिस्कचा ट्रे मात्र वर सरकवावा लागला. सूर गेला तो गेलाच. या रिकाम्या चौकटीला मी पंख्यापेक्षा जास्त गुण देईन.

इथवर मी मोलेक्सवर खूश होतो. पण काम हलकं असताना पूर्ण वेगाची गरज काय? पंखा पिवळी आणि लाल (५ व्होल्टची) वायर यांच्यामध्ये जोडून ७ व्होल्ट काढायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती मी केली नाही. पंखा शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ ५ च्या लाइनीत, आणि त्याच लाइनीवर डिस्क. नुसत्या ५ वर तर हा पठ्ठ्या बोटाने ढकलल्याशिवाय सुरूच होईना.

मग जुन्या पंख्याचा कनेक्टर बघितला, तर साधा तीन पिनचा! म्हणजे बाजारातला कुठलाही १२० चा पंखा तिथे बसला असता, आणि मला पॅनेल विकत होते. असो. तो कनेक्टर या पंख्याला सोल्डर केला आणि मदरबोर्डच्या हेडरवर, म्हणजे पंख्यासाठीच्या पिनांवर दिला. हेडर सहसा १ अँपिअरपर्यंत झेपवतो, त्यामुळे ०.२५ ची चिंता नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरला पीडब्ल्यूएमऐवजी डीसी मोड, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा मोड द्या, नाहीतर पंखा सतत फुल स्पीडवरच पळतो. आता एरवी तो निम्म्या वेगावर असतो, गेम चालू केला की वाढतो. मोलेक्सची शिफारस मी मागे घेतो.

थंडीत सकाळी सुरू करताना मात्र खडखड करू लागला. स्लीव्ह बेअरिंग, तेल सुकलेलं. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला आणि वर चिकटपट्टी लावली, कारण तेल लागलेला स्टिकर परत चिकटत नाही. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं.

एक गोष्ट खटकते. पंखा दोन वायरींचा, तिसरी, वेग कळवणारी सेन्सची वायरच नाही, त्यामुळे बायोसमध्ये आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) कायम शून्य. उद्या हा थांबला तरी संगणक चकार शब्द काढणार नाही. म्हणून डिस्कच्या तापमानाला ५० अंशांचा अलार्म लावून ठेवलाय. तुम्ही भंगारातून निवडणार असाल तर तीन वायरींचाच शोधा.