सरकारी भरतीच्या सूचना देणारे ॲप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

परळच्या एका खासगी कार्यालयात मी सहा वर्षे हिशेबाचे काम केले. ते कार्यालय बंद झाले, तेव्हा मी ३१ वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवार होते. त्याच आठवड्यात सरकारी भरतीच्या सूचना देणाऱ्या एका ॲपची ९९९ रुपयांची वार्षिक वर्गणी मी भरली. अशी बहुतेक ॲप एकाच धाटणीची असल्यामुळे नाव न देता त्यांचा उपयोग कुठवर होतो, एवढेच इथे लिहीत आहे.

जाहिरात निघाल्याचे कळवण्यात या ॲपने नऊ महिन्यांत एकदाही उशीर केला नाही. मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी येणारी आठवण आणि प्रवेशपत्र उपलब्ध झाल्याची सूचना, या दोन सोयींसाठी मी त्याची खरोखर ऋणी आहे. एरवी दहा-बारा संकेतस्थळे रोज उघडून पाहावी लागली असती.

वयाच्या बाबतीत मात्र त्याने माझे तीन आठवडे वाया घालवले. नोंदणी करताना जन्मतारीख भरलेली असूनही बँकांच्या लिपिक भरतीच्या सूचना येत राहिल्या आणि मी त्या अभ्यासाला लागले. खुल्या प्रवर्गासाठी त्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २८ वर्षे आहे आणि प्रोबेशनरी ऑफिसरसाठी ३०. राज्य शासनाच्या बहुतेक पदांसाठी हीच मर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ आहे, पण पोलीस शिपाई भरतीसारख्या ठिकाणी ती पुष्कळ कमी असते. तिशी ओलांडलेल्या उमेदवाराला कोणती दारे बंद झाली आणि कोणती अजून सात वर्षे उघडी आहेत, हे पहिल्याच दिवशी कळणे फार मोलाचे असते. जन्मतारीख घेतलेल्या ॲपला ते दाखवणे अवघड नव्हते.

पगाराचे आकडेही जपून वाचावेत. लिपिक-टंकलेखक पदासमोर ॲप ठळक अक्षरांत ६३,२०० रुपये दाखवते. ती रक्कम १९,९०० ते ६३,२०० या वेतनश्रेणीचे वरचे टोक आहे. नव्याने रुजू होणाऱ्याचे मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे मिळतात. घरचा हप्ता आणि रेल्वेचा पास यांचा हिशेब या खालच्या आकड्यावर मांडायचा असतो.

आता ज्या प्रसंगामुळे हा अनुभव लिहावासा वाटला, त्याविषयी. एका निमशासकीय कार्यालयातील लिपिक-टंकलेखक पदाच्या सूचनेत ॲपने पात्रतेपुढे फक्त ‘कोणत्याही शाखेची पदवी’ असे लिहिले होते. भांडुप स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही केली, ती ठरलेल्या आकारात बसवण्यासाठी चार वेळा स्कॅन केली आणि परीक्षा शुल्काचे १,००० रुपये भरले. रात्री वडिलांनी मूळ जाहिरातीची छापील प्रत मागितली. ते बेस्टमधून निवृत्त झाले आहेत आणि कोणताही सरकारी कागद शेवटच्या पानापासून वाचतात. लाल पेन्सिल हातात घेऊन त्यांनी सर्वसाधारण सूचना एकेक करून मोठ्याने वाचल्या आणि अकराव्या पानावर ते थांबले. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी मिळालेले असणे आवश्यक होते. माझ्याकडे ते नव्हते आणि शुल्क परत मिळणार नव्हते. “पोरी, पैसे जाऊ देत, पण यापुढे हे आधी वाचत जा,” एवढेच ते म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक मूळ जाहिरात मी त्यांच्याच पद्धतीने वाचते. वय कोणत्या दिनांकास मोजणार आणि अर्हता कोणत्या दिनांकापर्यंत धारण केलेली हवी, हे आधी पाहते, कारण शेवटच्या सत्राचा निकाल त्या दिनांकानंतर लागला तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागणाऱ्यांनी त्याच्या वैधतेचा कालावधी तपासावा. लग्नानंतर नाव बदललेल्या माझ्या मैत्रिणीला दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार यांतील फरकामुळे कागदपत्र पडताळणीच्या वेळी बरीच धावपळ करावी लागली. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राची, म्हणजे दोनपेक्षा अधिक अपत्ये नसल्याचे लिहून देण्याची अट तर ॲपच्या सारांशात मला एकदाही आढळली नाही.

शुद्धिपत्रकांकडेही लक्ष ठेवावे लागते. २०२४ मध्ये मुंबई महानगरपालिकेने कार्यकारी सहायक पदाच्या १,८४६ जागांसाठी जाहिरात काढली, तेव्हा दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी, अशी अट तीत होती. तिच्याविरुद्ध मागणी झाल्यावर ती अट वगळली गेली आणि नव्याने अर्ज मागवले गेले. पहिली जाहिरात वाचून ज्यांनी नाद सोडला, त्यांच्यापर्यंत दुसरी पोहोचणे किती गरजेचे होते, याची कल्पना करावी. माझ्या ॲपमध्ये नवी जाहिरात लगेच दिसते, पण जुन्या जाहिरातीतला बदल बहुधा दिसत नाही.

वर्गणीत करिअर सल्लागाराशी अर्ध्या तासाची दोन संभाषणे मिळतात. पहिल्यात काही हाती लागले नाही. दुसऱ्या वेळी बोललेल्या ताईंनी मात्र मी भरलेल्या सहा अर्जांची यादी शांतपणे ऐकून घेतली, त्यांतल्या कोणत्या परीक्षांचा अभ्यासक्रम एकमेकांशी जुळतो ते विचारले आणि चार सोडून द्यायला लावल्या. वर्गणीचे पैसे मला त्या अर्ध्या तासात वसूल झाले, असे मी मानते. खासगी नोकऱ्यांच्या विभागातून आलेल्या दोन फोनवर मात्र मुलाखतीआधी नोंदणी शुल्क मागितले गेले. दोन्ही वेळा मी फोन ठेवला आणि तो विभागच बंद करून टाकला.

वर्गणी तीन महिन्यांनी संपेल आणि मी ती पुन्हा भरणार नाही, कारण मुदतीच्या सूचना विनामूल्य खात्यावरही येतात. तेच पैसे टंकलेखनाच्या वर्गाच्या फीकडे वळवले आहेत. रोज सकाळी सात ते आठ बॅच असते आणि गेल्या शनिवारच्या सरावात माझा मराठीचा वेग २६ शब्दांपर्यंत आला.