मुतखड्यासाठी पीसीएनएल की आरआयआरएस?

खडा २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर माझा कौल सरळ पीसीएनएल या शस्त्रक्रियेला. पाठीतून साधारण १ सेंटिमीटरचं छिद्र पाडून दुर्बीण थेट मूत्रपिंडात जाते, खडा फोडून तुकडे तिथल्या तिथे बाहेर काढता येतात. ही पद्धत १९७६ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी मांडली. रक्तस्रावाचा धोका मात्र आहे, आणि दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावं लागतं.

आरआयआरएसमध्ये कुठेच चिरा नाही. लवचिक दुर्बीण लघवीच्या मार्गानेच वर जाते आणि लेसर खड्याचा भुगा करतो. लहान खड्याला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येत नसेल तर, हीच बरी. पण खडा मोठा असला तर पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं.

‘चिरा नाही’ एवढ्यावर भुलू नका. आत बहुधा स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी उतरावी म्हणून बारीक तात्पुरती नळी, ठेवतात. त्याने लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. पीसीएनएलनंतरही तो असू शकतो. काढायची तारीख लिहूनच घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडे धरतात, मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं.