पहिली खरेदी कोणती: चिनी पोर्सलिन की स्क्रोल-चित्र?

जुन्या चिनी कलावस्तूंचा संग्रह सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी घोळतात: चीनमधल्या चिंगडेचन गावच्या भट्टीतली निळी-पांढरी पोर्सलिनची वस्तू, नाहीतर भिंतीवर टांगायचं स्क्रोल-चित्र. जेड, लाखकाम आणि कांस्याच्या वस्तूही आहेत, पण त्यांकडे नंतर वळावं. हस्तिदंताचं नावही काढू नका, भारतात त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिली वस्तू पोर्सलिनची घ्या, आणि स्क्रोल घ्यायचाच असेल तर नामवंत चित्रकाराचा घेऊ नका.

तुलना दोन नेमक्या वस्तूंची आहे. एकीकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली छिंग राजवटीच्या काळातली थाळी, वाडगा किंवा बरणी. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं, कागदावरचं टांगतं चित्र.

खरं-खोटं कुठे दिसतं

पोर्सलिनचा मोठा गुण असा की तिचा पुरावा तिच्या अंगावरच असतो. वस्तू उलटी करा आणि बुडाचं कडं बघा. तिथे झिलई (काचेसारखा चकचकीत लेप) नसते, त्यामुळे आतली माती उघडी दिसते. अठराव्या शतकातल्या चांगल्या चिंगडेचन कामात ही माती पांढरी, घट्ट आणि बारीक कणांची असते. झिलई जिथे संपते तिथे अनेकदा नारिंगी-तपकिरी रेघ दिसते, कारण मातीतलं लोह भट्टीत तांबूस होतं. ही रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कुठे नाहीशी अशी असते. नकल करणारे लोहाचं पाणी ब्रशने फिरवतात, त्यामुळे त्यांची रेघ सगळीकडे सारखी येते. मग कड्यावरून बोट फिरवा. दीडशे-दोनशे वर्षं लाकडावर सरकलेलं कडं गुळगुळीत लागतं. नवं कडं बोटाला खरखरतं, नाहीतर पॉलिश पेपरने घासल्यासारखं एकसारखं लागतं.

त्यानंतर 10 पट भिंगाखाली झिलईवरचे ओरखडे तपासा. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या खोलीचे आणि वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात, आणि जिथे झीज व्हायला हवी तिथेच असतात: थाळीच्या मध्यभागी, बरणीच्या सर्वांत फुगीर भागावर, झाकणाच्या बैठकीवर. थाळीच्या मागच्या बाजूलाही मधल्याइतकेच ओरखडे असतील तर कुणीतरी ते मुद्दाम पाडले आहेत. पूर्ण झिलईच मंद दिसत असेल तर आम्लाचा संशय घ्या. समुद्रातून काढलेल्या मालाला मात्र हा नियम लागू होत नाही, त्याची झिलई खाऱ्या पाण्याने खरोखरच मरते.

तड्यासाठी वाडगा बुडाशी बोटांच्या टोकांवर तोलून कडेला नखाने टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर केसाएवढा तडा आहे, तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. अरुंद तोंडाच्या फुलदाणीवर ही परीक्षा नीट चालत नाही. तिथे आत टॉर्च सोडून बाहेरून बघा. रंग फासून झाकलेली दुरुस्ती 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली अंधारात वेगळ्या रंगाने चमकते. हा टॉर्च स्वस्त आहे, खरेदीला जाताना खिशात असूच द्या.

स्क्रोलच्या बाबतीत अर्धं उत्तर वस्तूत सापडतं, उरलेलं अर्धं ब्रशच्या फटकाऱ्यात असतं आणि तो वाचायला वर्षं लागतात. सुरुवात सोप्या चाळणीपासून करा. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई आहे, विषय संपला. ठिपके नसले तरी निश्चिंत होऊ नका. बीजिंगच्या रोंगबाओचाईसारख्या संस्थांनी लाकडी ठशांनी, पाण्यातल्या खऱ्या रंगांनी आणि खऱ्या श्वान कागदावर (चिनी चित्रकारांच्या नेहमीच्या कागदावर) केलेल्या प्रती इतक्या सुंदर आहेत की त्या मूळ चित्र म्हणून विकल्या जातात. ओळख अशी: ब्रशने काढताना एक फटकारा दुसऱ्यावरून जातो तिथे शाई गडद होते आणि कागदात थोडी पसरते. ठशांत मात्र तुकडे एकमेकांशेजारी बसवलेले असतात, त्यामुळे आच्छादनाचा हा गडदपणा येत नाही किंवा अवघडलेला वाटतो.

हाताने केलेली नकल सर्वांत अवघड. मूळ चित्र समोर ठेवून सावकाश काढलेल्या रेषेचा वेग शेवटपर्यंत एकच राहतो. बांबूच्या पानाचं टोक किंवा कोळंबीची मिशी बघा. सरावलेल्या हाताचा ब्रश तिथे उचलत जातो आणि शाई विरळ होते. नकलेत तिथे शाईचा थेंब साचतो किंवा रेघ थरथरते.

स्क्रोलचं मागचं अंग पुढच्या अंगाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि इथे एक पक्की खूण मिळते. कसर किंवा अळीने गुंडाळलेल्या स्क्रोलला भोक पाडलं तर ते अनेक थरांतून आरपार जातं. म्हणून उलगडल्यावर तसंच भोक ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतं. खालच्या दांड्याजवळ गुंडाळीचा घेर लहान, म्हणून तिथे भोकं जवळजवळ असतात आणि वर जाताना अंतर वाढत जातं. पाण्याचे डागही असेच वागतात. भोकं कुठेही विखुरलेली असतील आणि हे अंतर जुळत नसेल, तर ती हाताने पाडलेली आहेत किंवा चित्र दुसऱ्या मांडणीतून (म्हणजे मागचं अस्तर आणि भोवतालचं रेशीम यांतून) काढून इथे चिकटवलं आहे. जुनं चित्र नव्या मांडणीत असणं अगदी नेहमीचं. नवं चित्र जुन्या मांडणीत दिसलं की हात आखडता घ्या. त्यासाठी चित्र आणि भोवतालचं रेशीम यांच्या सांध्यावर तिरपा उजेड टाका आणि तिथे नव्याने कापल्याच्या खुणा शोधा.

आणखी एक फसवणूक केवळ स्क्रोलमध्येच होते. श्वान कागद दोन-तीन पदरी असेल तर शाई खालच्या पदरापर्यंत झिरपते. मांडणी करणारा तो पदर सोलून, फिक्या जागा भरून, दुसरं ‘मूळ’ चित्र तयार करू शकतो. असं चित्र फिकट असतं आणि गडद जागा तेवढ्या ठळक दिसतात. भांड्याची दोन भांडी होत नाहीत.

बुडावरची मोहोर आणि चित्रावरची सही

दोन्हींवर विश्वास ठेवू नका. भांड्याच्या बुडावर ‘महान छिंग, अमुक सम्राटाच्या काळात बनवलं’ असा सहा अक्षरांचा मजकूर असतो. पण 1677मध्ये चिंगडेचनच्या अधिकाऱ्याने सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली, त्यामुळे खांगशी सम्राटाच्या काळातल्या (1662–1722) कितीतरी अस्सल भांड्यांवर आधीच्या मिंग राजवटीतल्या छंगह्वा किंवा श्वेनद सम्राटाचं नाव आहे, नाहीतर नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ. याउलट, फुटलेल्या बर्फाच्या नक्षीवर जर्दाळूवर्गीय फुलोरा काढलेली, खांगशीच्या नावाची चार अक्षरं असलेली आल्याची बरणी बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची असते. ती वाईट वस्तू नव्हे. फक्त तिला अठराव्या शतकाचा भाव देऊ नका. इंग्रजी अक्षरांत ‘चायना’ असा शिक्का असेल तर वस्तू साधारण 1891नंतरची समजावी, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने उत्पादक देशाचं नाव घालणं तेव्हापासून सक्तीचं झालं.

चित्रात नावाची किंमत प्रचंड, म्हणून खोटेपणाही तितकाच. सूचौ शहरात सतराव्या-अठराव्या शतकांत थांग यिन आणि छियू यिंग या मिंग काळातल्या नामवंत चित्रकारांच्या नावाने चित्रं काढण्याचा धंदाच होता. विसाव्या शतकात चांग ताछियेन (1899–1983) या थोर चित्रकाराने जुन्या गुरूंच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की त्या मोठ्या संग्रहालयांनी विकत घेतल्या. 2011मध्ये बीजिंगच्या लिलावात चित्रकार छी पायशींच्या गरुडाच्या चित्राला 42.55 कोटी युआनची बोली लागली, आणि नंतर अस्सलपणावरून वाद होऊन पैसे अडले. हे तज्ज्ञांच्या पातळीवर होतं. भारतात चिनी चित्रकार शू पेइहोंग यांच्या घोड्यांच्या चित्रांची एक कहाणी हमखास ऐकू येते, कारण ते 1939–40मध्ये शांतिनिकेतनात राहिले होते. कहाणी ऐकायला खरी वाटते, पण चित्र कुणाला दिलं, केव्हा दिलं आणि तेव्हापासून कुणाकडे होतं याची कागदोपत्री साखळी नसेल तर तो पुरावा नव्हे.

म्हणून नवख्याने चित्र घ्यायचं तर कमी परिचित पण शिक्षित हाताचं घ्यावं. त्यात दुमडत्या पंख्यावरचं चित्र किंवा अल्बमचं सुटं पान सर्वांत उत्तम. आकार लहान, ठेवायला सोपं, आणि खोटं करण्यात फारसा नफा नाही.

घरात चार महिने पाऊस असेल तर

मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी निर्णय इथेच होतो. पोर्सलिन साधारण 1300 अंशांवर भाजलेली असते, दमट हवेचं तिला काही वाटत नाही. तिचे शत्रू वेगळे: नळाची तोटी, कामाची घाई, आणि थाळ्या भिंतीवर लावायच्या स्प्रिंगच्या तारा. त्या तारांच्या ताणाने कडेचे टवके उडतात आणि जुना तडा वाढतो. फुलदाणी मानेला किंवा कानाला धरून कधीच उचलू नका, एक हात बुडाखाली हवाच. सोनेरी रेघा असतील तर घासू नका आणि डिशवॉशरमध्ये तर मुळीच टाकू नका.

स्क्रोल म्हणजे कागद, रेशीम, गव्हाच्या खळीचे थर आणि लाकडी दांडा. प्रत्येक जण ओलाव्याला वेगळ्या प्रमाणात फुगतो. रात्री एसी, दिवसा उघडी खिडकी असा खेळ चालला की कडा आत वळतात आणि आडव्या घड्या पडतात. हवेतली आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांत स्थिर राहिली पाहिजे. आपल्याकडे जुलैत ती सहज 85च्या वर जाते. मग तपकिरी ठिपके उमटतात आणि कसर खळीवर ताव मारते. म्हणून:

- जून ते सप्टेंबर स्क्रोल भिंतीवर नको. आम्लविरहित कागदात गुंडाळून पेटीत, पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून उंच.
- दिवाळीनंतर कोरड्या हवेच्या दिवशी उलगडून, सावलीत दोन-तीन तास मोकळा ठेवायचा आणि मागून पुढून तपासायचा.
- एका वेळी तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टांगायचा नाही, आणि ऊन पडणाऱ्या भिंतीवर कधीच नाही.
- डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला चित्राला लागून ठेवायचा नाही.

जुन्या चित्रातल्या चेहऱ्यांवर पांढऱ्या शिशाचा रंग असेल तर शहरी हवेतल्या गंधकाच्या वायूने तो करडा-काळा पडतो. असे काळवंडलेले चेहरे पाहून चित्र टाकून देऊ नका. जाणकार संवर्धक ते बऱ्याच अंशी उलटवू शकतो. निळ्या-हिरव्या खनिज रंगांचे जाड थर मात्र दर उलगडण्यात गळतात, आणि तो तोटा भरून येत नाही.

मोडल्यावर

पोर्सलिनच्या तड्याने भाव उतरतो, वस्तू टिकते. धातूच्या टाचण्यांनी सांधलेल्या जुन्या थाळ्या आम्हाला आवडतात. मोडतोड लपवलेली नसते आणि किंमत आवाक्यात येते. टाचणी लोखंडाची असेल तर गंजाचा डाग वाढतोय का ते बघत राहा.

स्क्रोलची दुरुस्ती म्हणजे पाणी देऊन जुनं अस्तर सोलणं, नव्या खळीने नवं अस्तर लावणं, आठवडेच्या आठवडे फळीवर ताणून सुकवणं. हे काम चिनी-जपानी पद्धतीने करणारा हात भारतात सापडणं कठीण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी कागदाच्या कामाचा सल्ला मिळतो. गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे मात्र स्क्रोल कधी देऊ नका. तो दांडा कापून चित्र प्लायवर पांढऱ्या गोंदाने चिकटवेल, आणि तो गोंद नंतर सुटत नाही.

कुठून घ्यायचं

आधी डोळा तयार करा. त्याच संग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. निळ्या रंगाच्या छटा तिथे तासभर बघणं हे दहा पुस्तकांपेक्षा उपयोगी. पारशी कुटुंबांचा कँटनशी व्यापार आणि गोव्याचं मकावशी नातं यामुळे जुन्या घरांतून खरी भांडी अजून बाहेर पडतात. स्क्रोल त्या वाटेने फारसे आले नाहीत. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जा, पण वर सांगितलेल्या परीक्षा करूनच.

खात्रीची तारीख हवी असेल तर जहाजबुडीतला माल घ्या. 1752ला बुडालेल्या गेल्डरमाल्सेनचा माल 1986मध्ये ॲमस्टरडॅमला, आणि 1822ला बुडालेल्या तेक सिंगचे साडेतीन लाखांच्या आसपास नग 2000मध्ये श्टुटगार्टला लिलावात गेले. नगावर लिलावाचं लेबल असतं. लेबल एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाऊ शकतं, म्हणून लिलावाच्या कॅटलॉगातली नक्षी जुळवा. अशा व्यापारी उत्खननाला पुरातत्त्वज्ञांचा विरोध आहे, आणि तो रास्त आहे. हे ठाऊक असूनच घ्या.

परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट खरेदीपूर्वीच ठरवावी. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम 1972 ची व्याख्या वस्तू कुठल्या देशाची हे विचारत नाही, वय विचारते. शंभर वर्षं झालेली थाळी असो वा चित्र, ते एकदा भारतात आणलं की खाजगी व्यक्तीला पुन्हा बाहेर नेता येत नाही. शिवाय कागद-रेशमावरची शंभर वर्षांहून जुन्या चित्रांची नोंदणी सक्तीची आहे, त्यासाठी आयातीची कागदपत्रं आणि खरेदीचं बिल जपून ठेवावं लागतं. दोन-चार वर्षांत पुन्हा परदेशी जाणार असाल तर वस्तू तिकडेच राहू द्या.