इन्फ्लुएन्झाचा ऑनलाइन प्रशिक्षणक्रम : लसीकरण उत्तम, उपचार कच्चे

डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्यासाठी इन्फ्लुएन्झाचा प्रतिबंध, लसीकरण व उपचार या विषयावर तयार केलेला एक ऑनलाइन प्रशिक्षणक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील लसीकरणाचा भाग इतका नेटका आहे की उपचारांचा भागही त्याच मंडळींनी केला असेल, यावर विश्वास बसत नाही.

सर्वांत उपयुक्त वाटले ते लस टोचण्याचे चित्रण. खांद्याच्या हाडाचे टोक बोटांनी चाचपून, त्याखाली दोन-तीन बोटांचे अंतर सोडून, सुई डेल्टॉइड स्नायूत काटकोनात कशी न्यावी, हे कॅमेरा दंडाच्या अगदी जवळ नेऊन दाखवले आहे. सुई फार वर गेली तर लस सांध्याच्या परिसरात शिरते आणि खांदेदुखी महिनोन्‌महिने मागे लागू शकते, हे कारणही तिथेच कळते. टोचणारी व्यक्ती उभी आणि घेणारी बसलेली असली की सुई नकळत वर जाते, म्हणून दोघांनीही बसावे, ही सूचना गर्दीच्या लसीकरण कक्षात सहसा कोणी देत नाही.

शीतसाखळीबद्दलही भोंगळपणा नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी आणि एकदा गोठलेली लस वितळल्यावर दिसायला ठीक वाटली तरी फेकून द्यावी, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या, पहिल्यांदाच लस घेणाऱ्या मुलांना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, हेही ठळकपणे येते. निष्क्रिय (म्हणजे मारलेल्या विषाणूंपासून बनवलेल्या) लशीमुळे फ्लू होऊ शकत नाही आणि संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, या दोन गोष्टी लस टाळणाऱ्या सहकाऱ्यांना कशा समजावून सांगाव्यात, याचे संवाद ऐकण्याजोगे आहेत. (लस टाळण्याची कारणे रुग्णांपेक्षा कर्मचाऱ्यांकडेच अधिक असतात, हे कोणत्याही रुग्णालयात दिसते.)

एक भाग मात्र शिळा झाला आहे. इन्फ्लुएन्झा बी प्रकारातील यामागाता वंशाचा विषाणू मार्च 2020 नंतर नैसर्गिक प्रसारात खात्रीने आढळलेला नाही आणि त्याचा घटक लशीत ठेवण्याची आता गरज नाही, असे मत जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2023 मध्ये दिले. इथे मात्र हाच चौथा घटक असलेली चार घटकांची लस तीन घटकांच्या लशीपेक्षा सरस ठरवण्यात एक अख्खे प्रकरण खर्ची पडले आहे.

खरी निराशा उपचारांच्या भागात होते. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे विषाणुरोधक औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक उपयोग होतो, हे बरोबरच आहे. पण अभ्यासक्रम त्या मर्यादेलाच दार बंद होण्याची वेळ मानतो. सरावाच्या एका प्रश्नात गरोदर स्त्रीच्या आजाराचा तिसरा दिवस उलटला आहे, तिला धाप लागते आहे आणि रॅपिड अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आहे. ‘विषाणुरोधक औषध देऊ नये’ हे तिथले ‘अचूक’ उत्तर! वस्तुतः या चाचण्यांकडून बरेच संसर्ग निसटतात, त्यामुळे निगेटिव्ह निष्कर्षाने फ्लूची शक्यता संपत नाही. आणि गरोदर स्त्रिया, गंभीर आजारी किंवा रुग्णालयात दाखल रुग्ण यांना उशीर झाला असला तरी, निष्कर्षाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. धडधाकट तरुणाचा सौम्य ताप आणि ही स्त्री यांना एकाच नियमात कोंबणे, हा या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा दोष आहे, कारण इथे गुण गेल्याने नव्हे, तर गुण मिळाल्याने नुकसान होते.

बॅलोक्साविर आणि झानामिविर या फ्लूवरच्या इतर विषाणुरोधक औषधांचा उल्लेख उरकून टाकला आहे. झानामिविर श्वासावाटे घ्यायचे असल्याने दम्याच्या रुग्णाला देऊ नये, एवढे तरी सांगायला हवे होते.

लसीकरण कक्षात नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिला भाग मी निःसंकोच सुचवेन. दुसऱ्या भागातला जपून ठेवावा असा एकच कागद म्हणजे ओसेल्टामिविरच्या मात्रांचा तक्ता : प्रौढांसाठी 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्सनुसार (मूत्रपिंड रक्त किती गाळते याच्या मापानुसार) कमी केलेल्या मात्रा, वेगळ्या रकान्यात, चटकन नजरेस पडतील अशा.