पाच किलोची कोकोपीट वीट: रोपांना उत्तम, लाल मातीत वाया

उन्हाळी मिरची-वांग्यासाठी जानेवारीत परडं तयार करायला घेतलं की कृषी सेवा केंद्रात नारळाच्या सोडणांचा भुसा दाबून केलेली ही वीट हमखास पुढे केली जाते. वीट चांगलीच आहे, फक्त ती कशासाठी घ्यायची हे आधी ठरवा.

भिजवायला 20 ते 25 लिटर पाणी लागतं आणि फुगून 60-70 लिटर भुसा होतो. घमेल्याचं काम नाही, मोठा टब हवा. सगळं पाणी एकदम ओतलं तर वरचा थर फुगतो नि गाभा कोरडाच राहतो. थोडं थोडं घालत पापुद्रे हाताने सोडवत जा.

खरी मेख मिठाची. काथ्यासाठी सोडणं पुष्कळदा खाडीच्या पाण्यात कुजवतात, त्या भुशात सोडियम-पोटॅशियम भरपूर. वेष्टनावर ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी) छापलेलं असलं तरी टीडीएस पेनने, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या छोट्या मीटरने, मोजाच. आधी विहिरीचं पाणी मोजा, मग भुसा पिळून निघालेलं. दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत धुवायचं. बहुधा दोन-तीन पाण्यांत भागतं. किनाऱ्यालगतची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ झाली की हे धुणं फुकट, म्हणून आत्ताच उरका. भुशाला चिकटलेलं सोडियम मात्र साध्या पाण्याने सुटत नाही. 20 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात भुसा रात्रभर ठेवा, सकाळी निथळून पुन्हा एकदा धुवा. हे टाळलं तर भुसा खतातलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो आणि टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं.

रोपांच्या ट्रेसाठी दोन भाग भुसा, एक भाग चाळलेलं गांडूळखत. नुसत्या भुशात उगवण छान होते, पण त्यात अन्न जवळपास नाही. दोन पानांनंतर रोपं पिवळी पडतात. ओल बघायला मूठभर पिळा: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर रोपं बुडाशी कुजून आडवी होणार. वरून कोरडा दिसला म्हणून लगेच झारी उचलू नका, आत ओल असते.

पुळणीतल्या रेताड वाफ्यात चौरस मीटरला पाच-सहा लिटर मिसळला तर पाणी टिकतं. जांभ्याच्या लाल मातीत मात्र पैसे घालवू नका. ती आम्लधर्मी, स्फुरद धरून बसणारी. तिला चौरस मीटरला दोन-अडीच किलो कुजलेलं शेणखतच हवं.

आणि दारात माड असताना दरवर्षी वीट कशाला? सोडणांचा भुसा पावसाळाभर उघड्यावर, खाली निचरा ठेवून पसरा. मिरगापासून दसऱ्यापर्यंतचा कोकणातला पाऊस त्यातलं बरंचसं मीठ धुऊन नेतो. चाळणीची मेहनत तेवढी करावी लागते. विटेचा भुसा जास्त एकसारखा असतो, हे मान्य.