जुना लॅपटॉप रखडतोय: रॅम वाढवायची की एसएसडी टाकायची?

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीची कामं चालू ठेवून परफॉर्मन्समध्ये मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामांची तात्पुरती जागा) आणि डिस्क (फाइली कायम साठवायची जागा) यांचे आकडे बघा.

मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर? मग रॅम वाढवून हाती काही लागणार नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एखादी फाइल शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर फाइली साठवणारी डिस्क; तिला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात, म्हणून फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. मेहनत मात्र जास्त: बॅकअप, मग यूएसबी केबलने नवी एसएसडी जोडून जुन्या डिस्कचं क्लोनिंग (हुबेहूब नक्कल), आणि शेवटी अदलाबदल. बॅकअपचा कंटाळा करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

उलट मेमरी ९० टक्क्यांवर आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे, तर रॅमच हवी. हे काम दहा मिनिटांचं. चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, रॅमची पट्टी तिरकी खोचून खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या; एकीच्या जागी दुसरी बसत नाही, खाचच वेगळी असते. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते, तिथे विषयच संपला.

माझं मत विचाराल तर ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी.