शंभरची म्हणून गळ्यात मारलेली तीसची बॅटरी

वजनकाट्यावर ती बॅटरी ४ किलो ३०० ग्रॅम भरली. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास साठवणक्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारणपणे १० ते १२ किलोंची असते, आणि ही गोष्ट मला ती विकत घेण्याच्या आधीपासून माहीत होती. माहीत असूनही मी काटा कपाटातून बाहेर काढला तो नऊ डिस्कस मासे पुरून झाल्यावर. गेली चौदा वर्षे मी मासे पाळते आहे, नव्याने टाकी घेणाऱ्यांना वीज गेल्यावरच्या बॅकअपचे हिशेब मांडून देते आहे, आणि तरीही फसले. हे सगळे लिहून काढण्यापेक्षा गप्प बसणे मला जास्त सोयीचे होते, परंतु ती बॅटरी मला विकणारा मनुष्य तेच खोके आणखी कोणाच्या तरी टाकीखाली ठेवत असणार, म्हणून लिहिते आहे.

माझी टाकी ४०० लिटरची आहे. तिच्यात दाट वनस्पती, अकरा मोठे डिस्कस, दोन गुरामी आणि तळाशी फिरणाऱ्या कोरिडोरासचा एक लहान थवा होता. वीज गेल्यावर चालू राहायला हवेत असे दोनच पंप होते: ३५ वॅटचा पाण्याचा आणि ५ वॅटचा हवेचा. हीटर मी बॅकअपवर कधीच ठेवत नाही, कारण ३०० वॅटचा हीटर कोणतीही घरगुती बॅटरी बघता बघता संपवतो आणि एवढ्या पाण्याचे तापमान काही तासांत धोकादायकरीत्या उतरत नाही. धोका असतो तो प्राणवायूचा. डिस्कसना २९ अंशांच्या आसपासचे पाणी लागते, आणि पाणी जितके उबदार तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय रात्री वनस्पतीही तो सोडण्याऐवजी वापरू लागतात. ४० वॅटचा भार, इन्व्हर्टरचा स्वतःचा १२ वॅट खर्च आणि थोडा अपव्यय धरून ५८ वॅट होतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १२८० वॅट-तास असतात, त्यामुळे वीस तास सहज निघायला हवेत. हा हिशेब मी केला होता आणि तो बरोबरच होता. खोटा होता तो त्यातला शंभरचा आकडा.

विक्रेता एका परिचिताच्या ओळखीने आला. तो अडाणी असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते, पण तो जे बोलत होता त्यातले निम्मे अगदी खरे होते. स्वस्त इन्व्हर्टरच्या पायरीदार लहरीवर पंप गुणगुणतात आणि तापतात, म्हणून प्युअर साइन वेव्हच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहरच हवी, असे तो म्हणाला. हे खरे आहे. संगणकासाठीच्या लहान यूपीएसवर नुसता हवेचा पंप लावला तर भार इतका कमी असतो की काही यूपीएस ‘काहीच जोडलेले नाही’ असे समजून आपोआप बंद पडतात, हेही त्यानेच सांगितले, आणि तेही खरे आहे. अशा माणसाने बॅटरीबद्दल काही सांगितले की ऐकणाऱ्याचे कान आपोआप विश्वास ठेवू लागतात. ठरलेल्या किमतीचे ६० टक्के मी आगाऊ दिले आणि उरलेले ४० टक्के जोडणी झाल्याबरोबर, त्याच दिवशी. ते ४० टक्के मी आठ दिवस जरी रोखून धरले असते, तरी हा लेख लिहावा लागला नसता.

आता तो क्षण, ज्याची आठवण मला अजूनही झोपेतून उठवते. तो बॅटरी घेऊन आला तेव्हा त्याच्या उजव्या हातात फोन होता आणि तो कोणाशी तरी बोलत होता. बॅटरी त्याने डाव्या हातात, पट्ट्याला धरून, डबा आणावा तशी आणली. बोलणे न थांबवता, खांदा जरासुद्धा न कलता, त्याने ती टाकीखालच्या कप्प्यात सरकवली. मी स्वतः म्हणाले, ‘‘अहो, किती हलकी आहे ही!’’ तो फोनवरून तोंड बाजूला करून हसला आणि म्हणाला, ‘‘ताई, लिथियम आहे. शिशाच्या बॅटऱ्या उचलून उचलून लोकांच्या कमरा गेल्या.’’ आणि मीही हसले. त्याच क्षमतेची शिशाची बॅटरी तीस किलोंच्या आसपास असते, तिच्या तुलनेत लिथियम हलकी असतेच. त्याने खोटे असे काहीच सांगितले नव्हते. मात्र अकरा किलोंचे खोके माणूस एका हाताने असे झुलवत आणत नाही, हे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. मला ते दिसले, मी ते मोठ्याने बोलून दाखवले आणि वर त्याच्या उत्तराला दाद दिली.

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. मुख्य वीज बंद केली, दोन्ही पंप चालू राहिले, मीटरवर १३.३ व्होल्ट दिसले, दहा मिनिटांत चहाशिवायच सगळे आटोपले. आज रात्रभर चालवून बघते असे मी म्हणताच त्याने गंभीर चेहऱ्याने बजावले की नवी लिथियम बॅटरी पहिल्या तीन महिन्यांत पूर्ण उतरवली तर सेल दुखावतात आणि वॉरंटी रद्द होते. हे धादांत खोटे आहे. बॅटरीच्या आत बसवलेले संरक्षण मंडल ती ठराविक पातळीखाली उतरू देतच नाही, आणि एकदा भार लावून क्षमता मोजण्याने तिचे काहीही बिघडत नाही. विक्रेता जी चाचणी करू नका म्हणतो, तीच चाचणी त्याच्यासमोर करा. तो थांबायला तयार नसेल तर पैसेही थांबवा.

तीन आठवड्यांनी दिवसा वीज गेली आणि ६ तास २० मिनिटांनी दोन्ही पंप थांबले. मी घरात होते, म्हणून मगाने पाणी वर-खाली करत वेळ निभावली. त्याला बोलावले, तेव्हा बॅटरी पुन्हा भरली गेलेली होती. त्याने मीटर लावून १३.३ व्होल्ट दाखवले आणि बॅटरी ठणठणीत असल्याचे जाहीर केले. दोष माझ्या पंपाचा निघाला: सुरू होतानाचा झटका, कमी पॉवर फॅक्टर, वगैरे. त्यावर उपाय म्हणून त्याने एक ‘फिल्टर’ बसवला आणि मूळ किमतीच्या १५ टक्के घेतले. त्या डबीत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा होता, हे मला नंतर कळले. दुसऱ्या वेळी पंप ६ तास १० मिनिटांनी थांबले. या खेपेला सेल ‘झोपले’ होते. त्यांना जागे करण्यासाठी तो बॅटरी तीन दिवस घेऊन गेला आणि आणखी १२ टक्के लावले. दोन भेटींचे प्रत्येकी २ टक्के वेगळे. शंभराच्या मालासाठी मी एकशे एकतीस मोजले, आणि त्यातले एकतीस तर त्याच्याच खोटेपणाचे निदान त्याच्याकडूनच करून घेण्यासाठी.

ज्यांनी विकले त्यांनाच दोष शोधायला बोलावू नये, एवढे तरी मला सुचायला हवे होते. स्वतःची बाजू मांडायची तर इतकेच म्हणेन की मीही दर वेळी स्वतःच्या मीटरने व्होल्टेज तपासत होते आणि ते दर वेळी उत्तम येत होते. शिशाच्या बॅटरीचे विश्रांतीतले व्होल्टेज १२.७ वरून १२.२ वर आले की ती अर्धी उतरली असे समजते; त्या सवयीत माझी सगळी वर्षे गेली. लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज मात्र बऱ्याच मोठ्या टप्प्यात १३.२ च्या आसपास जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीस अँपिअर-तासांची बॅटरी आणि शंभरची बॅटरी पूर्ण भरल्यावर मीटरवर अगदी सारख्याच दिसतात. व्होल्टेजवरून क्षमता कळत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवले असते. स्वतःच्या टाकीखाली वाकल्यावर विसरले.

तिसऱ्या वेळी मी घरी नव्हते. दोन दिवसांसाठी बाहेर गेले होते, आणि गेले होते ते बॅकअप आहे म्हणूनच. रात्री वीज गेली ती अकरा तास आली नाही. पंपाच्या जोडणीवर लावलेल्या वॅटमीटरने ६ तास १२ मिनिटांची नोंद ठेवली होती. उरलेला वेळ, म्हणजे पहाटेचा, जेव्हा टाकीतला प्राणवायू तसाही सर्वांत कमी असतो, पाणी निपचित उभे होते. परतले तेव्हा सात डिस्कस तळाशी पडलेले होते. दोन्ही गुरामी जिवंत होत्या, कारण त्या पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. कोरिडोरासही वर येऊन हवा गिळतात, तेही वाचले. उरलेल्या चार डिस्कसपैकी दोन दुसऱ्या दिवशी गेले आणि त्यांत माझाही हात आहे. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे पाणी गाळणारा टाकीबाहेरचा बंद डबा, बराच वेळ बंद राहिला की आतले पाणी कुजते आणि उपयोगी जिवाणू मरू लागतात. वीज येताच तो आपोआप सुरू झाला होता, आणि मी घरी आल्यावर तरी तो लगेच थांबवून, आतले पाणी ओतून देऊन, मगच पुन्हा जोडायचे ते मी रडण्याच्या नादात केले नाही.

मग काटा काढला, आणि मग मोटारीच्या दिव्याचा ५५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब पूर्ण भरलेल्या बॅटरीला लावून घड्याळ घेऊन बसले. तो साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, म्हणजे शंभरच्या बॅटरीवर बावीस तास जळायला हवा. तो ६ तास ४० मिनिटांत विझला. तीस अँपिअर-तास. झाकण उघडले तेव्हा मोठ्या खोक्यात मधोमध चार छोटे सेल होते आणि भोवती थर्माकोल ठासलेला होता. सेलवरची निळी वेष्टने कोरी होती, पण त्यांवरच्या क्यूआर खुणा खरवडून काढलेल्या होत्या. जुने किंवा नाकारलेले सेल नवे म्हणून विकताना हेच केले जाते. एक बल्ब, दोन तारा आणि एक दिवस, एवढ्यात जे कळते त्यासाठी मी नऊ मासे घालवले.

तक्रारीची कहाणी याहून लाजिरवाणी आहे, फक्त ती लाज माझी नाही. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू मिळालेली आहे आणि ती चालते आहे, तेव्हा हा खरेदी-विक्रीचा वाद आहे, फसवणूक नव्हे. तिथल्या एका गृहस्थांनी ‘‘मासेच ना?’’ असे विचारले आणि शेजारच्या टेबलाकडे बघून ते हसले. बँकेने कळवले की व्यवहार मी स्वतः आणि स्वखुशीने केलेले असल्यामुळे ते अनधिकृत ठरत नाहीत. ग्राहक तक्रार कार्यालयात पहिल्या खेपेला अर्ज चुकीच्या नमुन्यात ठरला, दुसऱ्या खेपेला संबंधित अधिकारी रजेवर होते, तिसऱ्या खेपेला पावती मागितली. पावतीवर त्या माणसाने ‘एक बॅटरी संच, चालू स्थितीत दिला’ एवढेच लिहिले होते. व्होल्ट नाहीत, अँपिअर-तास नाहीत, सेलचा प्रकार नाही. पावतीवर हे तिन्ही तपशील लिहून घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका, कारण तोंडी शंभराला कार्यालयात काहीही किंमत नसते. चौथ्या खेपेला मी वजन, बल्बच्या चाचणीची नोंद आणि वॅटमीटरची छायाचित्रे घेऊन गेले, तर उत्तर मिळाले की खासगी व्यक्तीने घरी केलेली चाचणी ग्राह्य नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणा. प्रयोगशाळेचे शुल्क बॅटरीच्या किमतीच्या ८० टक्के निघाले. पाचव्या खेपेआधीच मला एक संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे आणि आमच्या सेवेला गुण द्यावेत. कोणाचे समाधान झाले, हे विचारण्यासाठी केलेले सहा फोन ज्या यंत्राने उचलले ते मला दर वेळी एक आकडा दाबायला सांगत होते.

बॅकअप विकणाऱ्याचा भरवसा नसेल तर आधी सर्वांत लहान सोय करा, असे आता मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दीड वॅटचा यूएसबी हवापंप १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या चांगल्या पॉवर बँकेवर वीस तासांच्या आसपास चालतो, त्याला इन्व्हर्टर लागत नाही आणि त्याची घरी खात्री करून घेता येते. हवेची नळी टाकीत जाण्याआधी तिच्यावर एकदिशा झडप बसवा, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटे उतरते आणि पंप भिजतो. असा एक पंप त्या रात्री माझ्या टाकीत असता तर अकराही डिस्कस वाचण्याची बरीच शक्यता होती, आणि तो माझ्या खणात होता, वेष्टनासकट.

त्या कार्यालयाशी माझा शेवटचा पत्रव्यवहार असा झाला: तक्रार पुन्हा उघडावी, अशी मी विनंती केली, प्रयोगशाळेचे शुल्क भरण्याची तयारीही दाखवली. उत्तरात त्यांनी विचारले की वस्तू मूळ स्थितीत आहे काय. मी खरे ते लिहिले, की आत काय आहे हे दाखवण्यासाठी मी झाकण उघडले होते. त्यावर कळवण्यात आले की वस्तू तक्रारदाराने उघडलेली असल्यामुळे ती चाचणीस पात्र राहत नाही.